वनजाक्का, तुझा अबोली दाराशी नेला

अक्का, तुझ्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं आणि त्याला कारण तू होतीस. तू म्हणजे तुझा रंग. तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी परतले आणि सर्जापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये नागेश, मी आणि तो अबोली असे तिघे उरलो. आपल्या अभ्यासाच्या अ‍ॅपमध्ये मुलाचं उत्तर चुकलं की खाली जी समजावणारी ओळ उमटते, तिच्यासाठी तू पलंगावर पडल्या पडल्या निवडलेला तो शेवटचा रंग. जेवताना मी आपलं सहज काढावं तसं काढलं, की तो बदलायला हवा. नागेशचा घास हातातच राहिला. "अक्काचा रंग तू बदलणार?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने अर्धं ताट उचलून बेसिनमध्ये ठेवलं आणि त्यानंतर भाजी कुठली आणायची एवढंच बोलणं आमच्यात उरलं.

उद्या सकाळी हे अ‍ॅप दहावीच्या मुलांच्या हातात जाणार आहे. तुझ्याच शाळेतल्या, जिथे तू केस पांढरे होईपर्यंत विज्ञान शिकवलंस. मुख्याध्यापिकेला तूच भेटून आली होतीस, तेव्हा तुला जिना चढता येत होता. एकदा मुलांकडे गेलं की परीक्षा संपेपर्यंत त्यात काही हलवायचं नाही, हा आपला तिघांचा ठराव. ऐन अभ्यासात पुस्तकाची पानं कुणी बदलत नाही, असं तूच बजावलं होतंस. म्हणजे जे ठरायचं ते या आठवड्यात ठरायला हवं होतं आणि ठरवणाऱ्या तिघांतली एक निघून गेली होती. स्क्रीन मी आखते, कोड नागेश लिहितो. मी निवडलेला रंग त्याने कोडात घातला नाही तर तो माझ्या लॅपटॉपवरच राहतो. आणि तो घालायला तयार नव्हता.

खरं सांगू? मला तुझा राग आला होता. वाद असा अर्धवट टाकून जायची तुझी रीत नव्हती. तू हरलीस की कन्नडमधलं 'सरी' म्हणायचीस, बरं, ठीक आहे, एवढाच अर्थ, आणि उठून थेट कॉफी टाकायला जायचीस. 'तुझं बरोबर होतं गं मुक्ता' असलं वाक्य तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण सरी म्हटलंस की तो विषय तिथे मिटायचा, मनात काही ठेवायची नाहीस. कॉफीबरोबर दुसरं भांडण सुरू व्हायचं, ते वेगळं. या खेपेला तू सरीही म्हणाली नाहीस आणि मलाही म्हणू दिलं नाहीस.

मी पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा तुमचं मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. तुमचं घराणं या गावात किती पिढ्यांपासून आहे ते तुम्हालाही नेमकं सांगता येत नाही, आणि भाषेत कन्नड कुठे सुरू होतं तेही नाही. तुला माझं मराठी पुस्तकातून कापून काढल्यासारखं वाटायचं. तुमच्या वडिलांचं, अप्पांचं, चिकपेटच्या बाजारातलं मॅचिंगचं दुकान मी पाहिलं नाही. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, आणि भिंतभर रंगांचे तागे, एवढं तुझ्याकडून ऐकलं. पण त्या दुकानाचा नेम मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले, कारण तू मला साडी घेऊन देताना भर दुकानातून ती हातावर टाकून रस्त्यावर आलीस आणि तो दुकानदार तुझ्यामागे धावत आला.

ट्यूबलाइटखाली रंग पक्का करायचा नाही, हा अप्पांचा नेम. गिऱ्हाईक साडी घेऊन आलं की अप्पा तागा उलगडायचे आणि म्हणायचे, दाराशी नेऊन बघा. तू आणि नागेश शाळेतून आलात की तुमचं तेच काम, तागा काखोटीला मारून बाईंबरोबर दाराशी जाऊन उभं राहायचं. दाराशी बाई नको म्हणाल्या तर तोंड वाकडं करायचं नाही. निमूट घडी घालायची, दुसरा काढायचा. आत गादीवर बसल्या बसल्या नको म्हणणारं गिऱ्हाईक मात्र अप्पांना खपायचं नाही, कारण त्याने बघितलेलंच नसतं. दाराशी म्हटलेला नको रंगाला असतो, दुकानदाराला नसतो, असं अप्पा म्हणायचे. हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की अप्पांचा आवाज मी ऐकलेला नाही हे मी विसरून जाते.

आपण अ‍ॅप करायला घेतलं तेव्हा तू त्यालाही दुकानच म्हणायचीस. दुकान कधी उघडतंय, म्हणून रोज फोन. धडे तू लिहिणार एवढंच ठरलं होतं, पण रंगांमध्ये तू नाक खुपसणार नाहीस हे कसं शक्य होतं. मी रंगाचा आकडे-अक्षरांचा कोड सांगितला की तू म्हणायचीस, हा काय स्कूटरचा नंबर आहे? मग तू स्क्रीनवर बोट ठेवून नावं द्यायचीस. हा रामा. हा चिंतामणी. हा श्रीखंडी, पण ताजा नव्हे, फ्रिजमधला. आणि प्रत्येक नाव देऊन झालं की फोन घेऊन उठायचीस. आधी गॅलरीत, मग लिफ्टने खाली, गेटपाशी, उन्हात. आमच्या वॉचमनची समजूत होती की या अक्कांच्या फोनला कधीच रेंज मिळत नाही. माझ्या मोठ्या झगझगीत मॉनिटरवर पसंत केलेले कितीतरी रंग तू गेटवरून परत पाठवलेस. मी चिडायचे, कारण मी याच कामाचं शिक्षण घेतलं आहे. त्याहून जास्त चिडायचे, कारण खाली जाऊन बघितलं की तुझं बरोबर असायचं.

अक्षरांवरून तर आपली जुंपलीच. मी एक सडपातळ, देखणा फॉन्ट निवडला होता आणि ओळी जवळजवळ घेतल्या होत्या, कारण तशा त्या नीटस दिसत होत्या. धडे कन्नडमध्ये होते. मला कन्नड बोलता येतं, वाचताना मात्र मी चाचपडते. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली बसतं आणि माझ्या त्या नीटस ओळींमध्ये ते खालच्या ओळीच्या डोक्यात घुसतंय, हे माझ्या ध्यानात येण्यासारखंच नव्हतं. तू म्हणालीस, मुलांना हे वाचता येणार नाही. मी तोवर तुला अहो-जाहो करत होते. त्या दिवशी संतापून म्हटलं, तुला काय कळतं फॉन्टमधलं? नागेश दचकला. तू हसलीस, म्हणालीस, आत्ता कुठे घरातली झालीस. मग एक मराठी पुस्तक आणलंस, ओळीखाली फूटपट्टी धरून सगळे उकार झाकलेस आणि मला मोठ्याने वाचायला सांगितलंस. मी अडखळत वाचत होते आणि तू पाठ केलेली कविता म्हणून घ्यावी तशी मान डोलावत होतीस. फॉन्ट बदलला. ओळी सैल केल्या. तेव्हापासून मी तुला तू म्हणते.

लाल रंगावरचं भांडण मात्र मस्करीचं नव्हतं. चुकलेल्या उत्तराला लाल, हे जगात सगळ्यांना कळतं, उगाच वेगळं काही करू नये, हे माझं म्हणणं. तू नोकरीभर पेपर हिरव्या शाईने तपासलेस आणि त्याबद्दल वरिष्ठांची बोलणीही खाल्लीस. तू मला तुझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगितलंस. पेपर हातात पडला की ती त्याची बारीक घडी घालून दप्तराच्या तळाशी सारायची, काय चुकलं ते कधीही न बघता, कारण लाल रेघोट्या बघायची तिची हिंमत नव्हती. "चुकलं हे पोराला कळतंच गं," तू म्हणालीस. "का चुकलं ते वाचायला त्याने थांबलं पाहिजे की." त्या दिवशी मी सरी म्हटलं, तुझ्याच थाटात, आणि कॉफी टाकायला उठले. लाल गेला. त्याच्या जागी कोणता, हे ठरायच्या आत तुझ्या हृदयाने कुरकुर सुरू केली.

तुझ्या जे. पी. नगरच्या घरात, तुझ्या खोलीत, भाड्याने आणलेला तो वरखाली होणारा पलंग. उजेडाने डोकं दुखतं म्हणून ओढून घेतलेले पडदे. तू फोन छातीवर ठेवून माझे रंग एकेक करून बघत होतीस आणि श्रीखंडी पाटीवर अबोली अक्षरं आली तिथे थांबलीस. किती मऊ दिसतंय बघ की, म्हणालीस. दिसत होतं, अक्का. त्या अंधाऱ्या खोलीत ते फार सुंदर दिसत होतं, जणू कुणी हळू आवाजात काही सांगतंय. माझ्या जिभेला हाड नाही हे तू जाणतेसच. मी म्हटलं, हे बाहेर दिसणार नाही. अक्षर बारीक आहे, पाटी फिकी आहे, आणि मुलं अ‍ॅप उघडणार ती बसस्टॉपवर, शाळेच्या पायऱ्यांवर, आईच्या जुन्या फोनवर. का चुकलं ते सांगणारी ती एकच ओळ, तीच उडून जाईल. तू म्हणालीस, तुझं मीटर काय म्हणतंय? रंगातला फरक मोजायचं जे साधन मी वापरते, त्याला तू मीटर म्हणायचीस. मी म्हटलं, मीटरही नापास म्हणतंय.

तुला राग आला. रागाबरोबर धाप आली. मी पाठीवर हात ठेवायला गेले तो तू झटकलास. बराच वेळ श्वास गोळा केलास आणि म्हणालीस, "नको म्हणायचं असेल तर दाराशी जाऊन म्हण. इथं माझ्या उशाशी बसून नको म्हणू नकोस."

तुझ्या खोलीतून घराचं दार समोर दिसतं. चपला काढायची जागा, त्यापलीकडे उंबरा, त्यापलीकडे ऊन. तुला त्या दिवसांत बाथरूमपर्यंत जायला माझा आणि नागेशचा असे दोन खांदे लागायचे. मी उठून तुझ्यादेखत तिथवर चालत जायचं, फोन उन्हात धरायचा, आणि तिथून तुला नको म्हणायचं. मला ते जमलं नाही. मी फोन उलटा करून उशीजवळ ठेवला आणि तुझ्यासाठी रव्याची पातळ गंजी करायला गेले. परत आले तेव्हा तुझा डोळा लागला होता. त्यानंतर आपण बोललो ते गोळ्यांबद्दल, लघवीबद्दल, पायांवरच्या सुजेबद्दल. मग हॉस्पिटल. मग तू नव्हतीस. दरम्यान नागेशने तो अबोली कोडात घालून टाकला होता, तू दाखवलास तसाच.

तू असं म्हणाली होतीस हे मी नागेशला सांगितलं नव्हतं. तो तेव्हा औषधाच्या दुकानात गेला होता. सांगितलं असतं तर वाद जिंकायला मी तुझ्या तोंडी वाक्य घातलं असंच वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. म्हणून मी आकडे सांगितले, मीटर दाखवलं, तुझ्या शाळेच्या पायऱ्यांवर किती ऊन असतं ते सांगितलं. तो ऐकून घ्यायचा आणि लॅपटॉपकडे वळायचा. एकदाच बोलला. अप्पा गेल्यावर तिने मला वाढवलं, माझ्या फिया भरल्या, स्वतःचं काही बघितलं नाही, आता एवढा एक रंग तरी तिचा राहू दे. शुक्रवारी मी पुन्हा विषय काढला तेव्हा शांतपणे म्हणाला, "घालतो तुझा रंग. पण मग यातून माझं नाव काढ. पुढे तुझं तू बघ." ते तो रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. तो शांत होता म्हणून मला भीती वाटली. तुझ्यामागे आपलं दुकान मोडणार, आणि दुकानाबरोबर आणखी काय काय, याचा मी दोन दिवस विचार करत राहिले.

मलाही तो रंग ठेवायचा होता, अक्का. हे मी त्याला कसं सांगणार होते? लॅपटॉप उघडला की तो अबोली दिसायचा आणि तुझं ते 'किती मऊ' कानात यायचं. पण त्याच्याबरोबर ती घडी घालणारी मुलगीही यायची. ती एकदाची थांबली, वाचायला खाली वाकली, आणि तिथे काहीच दिसलं नाही, तर?

आज सकाळी आम्ही जे. पी. नगरला आलो. पलंग न्यायला माणसं दुपारी येणार होती, त्याआधी तुझी औषधं, चादरी आवरायची होती. तुझी खोली तशीच होती, पडदेही तसेच. मी उशीचा अभ्रा काढत होते. नागेश पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने फोन उघडून माझ्यासमोर धरला. इथे बघ, म्हणाला. दिसतोय ना? अक्षर न् अक्षर दिसतंय. मी बघितलं. दिसत होतं. मी म्हटलं, इथे दिसतंच, तिने इथेच बघितला होता. आणि मग माझ्याने राहवलं नाही. तू काय म्हणाली होतीस ते मी त्याला सांगितलं, जसंच्या तसं, हातातला अभ्रा घेऊन उभ्या उभ्या.

मला वाटलं तो म्हणेल, हे तुला आत्ता आठवलं? पण तो माझ्याकडे बघत होता आणि मला कळलं की शब्द कुणाचे आहेत ते त्याला ओळखू आले आहेत. मी तसलं वाक्य रचू शकले नसते. गादीवर बसून नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दलचं बोलणं त्याने माझ्याआधी कितीतरी वर्षं ऐकलं होतं, आणि ज्यांनी ते ऐकवलं ती दोघंही आता नव्हती. तो इतके दिवस फोन घेऊन एकदाही गॅलरीत गेला नव्हता. चिकपेटच्या दुकानात वाढलेला माणूस, आणि रंग ट्यूबलाइटखाली घट्ट धरून बसला होता. का, ते त्याला माहीत होतं. मलाही होतं.

तो उठला. पलंगापासून निघाला, चपलांशेजारून गेला, आणि उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. मी मागे गेले नाही. दुकानदाराने आतच थांबायचं असतं. बाहेर लख्ख ऊन होतं. त्याने फोन समोर धरला, मग तिरका केला, मग कपाळावर हात आडवा धरून बघितलं, मग फोन तोंडाच्या अगदी जवळ नेला. मला त्याची पाठ दिसत होती. इतकी वर्षं त्या पाठीशी संसार केला, पण ती अशी लहान मुलाची मला कधी दिसली नव्हती. आणि अक्का, मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते की दिसू दे. माझं सगळं शिक्षण खोटं ठरू दे, मीटर गेलं खड्ड्यात, एकदा त्याला ती ओळ दिसू दे.

"काही दिसत नाही गं," तो तिथूनच म्हणाला. "ओळ आहे की नाही तेच कळत नाही." मग तो रडला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. स्मशानात नाही, तेराव्याला नाही, इथे, उंबऱ्यावर, हातात फोन धरून. मी तरीही हलले नाही. जवळ जावंसं वाटत होतं, पण त्या क्षणी तो तुझ्याबरोबर उभा होता आणि तिथे माझं काम नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. वळला नाही. "दुसरा दाखव," म्हणाला.

मी माझ्या फोनवरून त्याला आमसुली पाठवला. त्यात लाल रंगाचा धाक नाही. आमसूल पाण्यात टाकल्यावर रंग उतरतो तसा गडद, श्रीखंडी पाटीवर ठसठशीत. हा मी आठवडाभर तयार ठेवला होता. नागेशने तो बघितला. सरळ धरून, तिरका धरून. उंबरा ओलांडून फाटकापर्यंत गेला, झाडाच्या सावलीत बघितला, पुन्हा उन्हात बघितला. तूही इतका वेळ लावायचीस आणि मी आत घड्याळ बघत बसायचे. आज मला घाई नव्हती.

तो आत आला. फोन माझ्या हातात दिला. "सरी," म्हणाला आणि थेट स्वयंपाकघरात गेला. तुझ्या डब्यात कॉफीची पूड उरली होती. मला भांड्यांचा आवाज येत होता. मी रिकाम्या पलंगावर बसले आणि मग मीही रडून घेतलं, मोठ्याने, कारण तो शब्द त्याने अगदी तुझ्या आवाजात म्हटला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

आता दुपार आहे. पलंग गेला, पडदे मी उघडलेत, नागेश शेजारी बसून रंग कोडात घालतो आहे आणि मी तुला हे लिहिते आहे. मला इथलं घर, इथली भाषा, भांडल्यावर मिटवायचं कसं, हे सगळं तूच शिकवलंस, आणि त्याबद्दल मी तुझ्याकडे एकदाही काही बोलले नाही. तू बोलू दिलं नसतंस, कॉफी टाकायला उठून गेली असतीस. उद्या तुझ्या शाळेतली मुलं पायऱ्यांवर बसून उत्तरं चुकतील आणि खालची ओळ त्यांना उन्हात वाचता येईल. लाल कुठेच नाही, तेवढं तू जिंकलीस. तुझ्या अबोलीला मात्र नको म्हटलंय, अक्का. तुझ्या उशाशी बसून म्हटलेलं नाही. दाराशी जाऊन म्हटलंय, आणि तेही तुझ्या भावाने. आता तुला तोंड वाकडं करता येणार नाही.